डकटेल्स पुन्हा खेळायचंय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडकोतल्या एका घरात मागच्या खोलीत जुना डबा टीव्ही, टीव्हीला जोडायचे दोन व्हिडीओ गेम आणि कॅसेटींनी भरलेली पत्र्याची पेटी आहे. रविवारी दुपारी ओळखीपाळखीचे लोक तिथे खेळायला येतात. बहुतेक चाळिशीतले, काही जण मुलांना घेऊन. पेटीतून सगळ्यात आधी बाहेर पडते ती डकटेल्सची कॅसेट, आणि मग तेच तेच प्रश्न सुरू होतात. दर रविवारी घसा कोरडा करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून काढली.

नेमका कोणता खेळ म्हणताय? डकटेल्सचे बरेच आहेत.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने निन्टेन्डोच्या ८ बिट यंत्रासाठी काढलेला पहिला. अमेरिकेत तो १९८९ मध्ये आला, जपानमध्ये १९९० मध्ये. त्याच वर्षी गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर त्याची छोटी आवृत्ती निघाली. दुसरा भाग १९९३ चा. तोही चांगला आहे, पण आमच्याकडे त्याला फारसं गिऱ्हाईक नाही.

ज्यावरून खेळ काढला ती डिस्नेची कार्टून मालिका १९८७ ची, स्क्रूज नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्या बदकाची. आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीत लागायची. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी खेळ पाहिला तेव्हा तो मूळ देशात जुना झालेला होता. आपल्याला मात्र तो कोरा करकरीत वाटायचा.

आमच्या व्हिडीओ गेमच्या डब्यावर निन्टेन्डोचं नाव नव्हतं. मग तो खेळ हाच होता का?

हाच होता, पण यंत्र नकली होतं. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याचीच नक्कल करून तैवान आणि चीनमध्ये ढिगाने डबे बनले आणि ते जगभर पसरले. आपल्याकडे मीडियासारख्या नावांनी जे मिळायचं ते याच कुळातलं. वरचा आकार कुणाचाही असो, आतली रचना फॅमिकॉमची.

ओळखायची खूण सोपी आहे. कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या सोनेरी पट्ट्या मोजा. दोन्ही बाजूंच्या मिळून ६० असतील तर ती फॅमिकॉमची, म्हणजे आपल्या डब्याची. अमेरिकन यंत्राची कॅसेट ७२ पट्ट्यांची आणि आकाराने मोठी असते, ती आपल्या डब्यात शिरत नाही. अमेरिकेतल्या भाच्याकडून कॅसेट मागवण्याआधी हे त्याला सांगा.

यातली गंमत अशी की डकटेल्स हा रीतसर करार करून, डिस्नेची परवानगी घेऊन बनवलेला खेळ. आपल्यापर्यंत तो आला तो मात्र विनापरवाना यंत्रावर, विनापरवाना कॅसेटमधून.

आता मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर खेळलो तर स्क्रूज भलताच जोरात पळतो. माझं वय झालं का?

वयही झालं असेल, पण कारण दुसरं आहे. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या काळातले खेळ घड्याळाकडे बघून चालत नसत, टीव्हीवरच्या चित्राकडे बघून चालत. पडद्यावर एक चित्र उमटलं की स्क्रूजने इतके ठिपके पुढे सरकायचं, शत्रूने इतके, संगीताने एक पाऊल टाकायचं, असा सगळा हिशोब. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं उमटायची आणि खेळ त्या मापाने बेतलेला होता. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. आपल्याकडचे नकली डबेही त्यामुळे ५० वर चालणारे. खेळात मात्र कुणी काही बदललं नव्हतं. परिणाम असा की जे काम तिकडे दहा सेकंदांत व्हायचं त्याला इकडे बारा सेकंद लागायचे. वेग जवळपास १७ टक्क्यांनी कमी.

म्हणजे आपण लहानपणी खेळलो तो डकटेल्स संथ होता. उडी हवेत जास्त वेळ तरंगायची, शत्रू विचार करायला सवड द्यायचे. लॅपटॉपवर तुम्हाला मूळ वेगाचा खेळ दिसतो, आणि बोटांना सवय आहे ती संथ खेळाची. पहिल्या खड्ड्यातच सगळे पडतात ते यामुळे.

उपाय आहे. एफसीईयूएक्स किंवा मेसेन यांसारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्रदेश निवडायच्या यादीत ‘डेंडी’ नावाचा पर्याय असतो. डेंडी हा रशियात विकला गेलेला असाच नकली डबा, आणि त्याची चाल आपल्या डब्यासारखीच. तो पर्याय निवडला की खेळ एकदम ओळखीचा होतो. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही दोन्ही वेगांवर खेळायला लावतो. खेळ म्हणून ६० चा चांगला, तो तसाच बनवला गेला होता. पण आठवणीसाठी येणाऱ्याला ५० चाच द्यावा लागतो. नाहीतर माणूस ‘हा तो नाहीच’ म्हणून उठतो, आणि त्याचं खोटंही नसतं.

संगीतही वेगळं वाटतं.

लय वेगळी आहे हे वरच्या हिशोबातच आलं. सुरांची उंची मात्र फारशी बदलत नाही. सूर ठरतो तो प्रोसेसरच्या गतीवरून, आणि ती मूळ यंत्रात १.७९ मेगाहर्ट्झ तर आपल्या डब्यात साधारण १.७७. फरक कानाला कळण्याजोगा नाही. म्हणून आपल्याकडे धून त्याच पट्टीत, पण विलंबित लयीत वाजायची.

आणखी एक. कित्येक नकली चिपांमध्ये चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली आहे. जिथे आवाज पातळ, नाकातला हवा तिथे तो भरीव येतो, आणि भरीव हवा तिथे पातळ. वीस-पंचवीस वर्षांनी मूळ आवाज ऐकून ‘हे कुणीतरी बिघडवलंय’ म्हणणारे आम्हाला नेहमी भेटतात. खरं तर बिघडलेलं आपण ऐकत होतो.

खेळातल्या चंद्रावरच्या पातळीच्या धुनेबद्दल विचारणारे वेगळेच असतात, ते खेळायला नव्हे, ऐकायला बसतात. संगीतकार हिरोशिगे तोनोमुरा. यंत्राकडे पाचच आवाज: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखर, आणि एक ध्वनिमुद्रणाचे तुकडे वाजवण्यासाठी. एवढ्यात त्यांनी जे केलं ते इतकं टिकलं की २०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत डेला डक हे पात्र याच चालीवर गातं.

मालिकांवरून आणि सिनेमांवरून काढलेले खेळ टुकार असतात असं ऐकलंय. मग याचं एवढं कौतुक का?

ऐकलंय ते बरोबर आहे. सगळ्यात बदनाम उदाहरण अटारी २६०० या जुन्या यंत्रावरच्या, सिनेमावरून काढलेल्या ‘ई. टी.’चं. १९८२ च्या नाताळात दुकानात पोचलाच पाहिजे म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो जेमतेम पाच आठवड्यांत करून द्यावा लागला. न खपलेला माल अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या आलामोगोर्डो गावाजवळ पुरून टाकला गेला आणि २०१४ मध्ये तो खणून काढल्यावर लोकांचा विश्वास बसला. परवाना घेणाऱ्याला घाई असते. नाव आणि चेहरा मिळाला की माल खपणार हे माहीत असतं, मग आतला खेळ कशाला घासायचा?

कॅपकॉमने घासला. तोकुरो फुजिवारा, केइजी इनाफुने असे, कॅपकॉमच्याच ‘मेगा मॅन’ या गाजलेल्या खेळावर काम केलेले लोक त्यावर होते. पण माझ्या मते नुसती चांगली माणसं हे उत्तर पुरेसं नाही. त्यांनी पात्राचा स्वभाव खेळाच्या नियमांत उतरवला. स्क्रूज मॅकडक हा कार्ल बार्क्स यांनी १९४७ मध्ये कॉमिकसाठी घडवलेला, जगातला सगळ्यात श्रीमंत आणि तितकाच चिक्कू म्हातारा. मग त्याचा खेळ कसा असणार? गुण नाहीतच, थेट पैसे. शत्रूला मारलं म्हणून मिळणारी किंमत दुय्यम, मुख्य कमाई हिऱ्यांची. काही हिरे पेट्यांत असतात आणि काही हवेतून प्रकट होतात, विशिष्ट जागेवरून गेलं किंवा उडी मारली की. त्यामुळे खेळणारा आपोआप लोभी होतो. पुढे जायचा रस्ता समोर दिसत असतो, तरी प्रत्येक कोपऱ्यात जाऊन उड्या मारून बघतो. चिक्कू म्हाताऱ्याची भूमिका करायला कुणी सांगावं लागत नाही.

हत्यारही तसंच. बंदूक नाही, बॉम्ब नाही, हातातली काठीच. तिच्यावर उभं राहून टुणटुण उड्या मारायच्या आणि तिच्यानेच दगड गोल्फच्या चेंडूसारखे टोलवायचे. संपूर्ण खेळ या एका काठीवर तोलला आहे. परवाना काढून घेतला आणि बदकाच्या जागी दुसरं कुणी ठेवलं तर हा खेळ लंगडा पडेल. किती मालिकांच्या खेळांबद्दल असं म्हणता येईल?

काठीवर उड्या मारायला जमतच नाहीत. बटणं कोणती?

ए दाबून उडी. हवेत असतानाच खालचा बाण आणि बी एकत्र. जमिनीवर उभं राहून दाबलं तर काही होत नाही, आणि इथेच सगळे चुकतात. एकदा उडी लागली की बी धरून ठेवायचं. शत्रूच्या डोक्यावर पडलात तर तो मरतो. ॲमेझॉनच्या जंगलात जमिनीवर काटे दिसतील, त्यांवरूनही काठीने बिनधास्त जाता येतं. साध्या पायाने गेलात तर इजा होते.

टोला मारायचा असेल तर दगडाला चिकटून, त्याच दिशेचा बाण दाबून ठेवून बी. न हलणाऱ्या वस्तूवर टोला मारलात तर स्क्रूजच्या हाताला झिणझिण्या येतात आणि क्षणभर तो काही करू शकत नाही. ही छोटीशी फजिती मला फार आवडते.

सगळं बरोबर करूनही जमत नसेल तर जॉयस्टिक उघडून बघा. खालच्या बाणाखालचं रबर झिजलेलं असतं. इतर खेळांत खालचा बाण क्वचित लागतो म्हणून लक्षात येत नाही, डकटेल्समध्ये लगेच उघडं पडतं.

सुरुवात कुठून करू?

संगणकाच्या पडद्यावर पाच ठिकाणं दिसतात: ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय, चंद्र. क्रम तुमच्या मर्जीचा. नवीन माणसाने ॲमेझॉन घ्यावा. काठीची सवय तिथेच होते. चंद्र शेवटी ठेवा, तो सगळ्यात देखणा आहे.

आफ्रिकेतल्या खाणीत आत सोडतच नाहीत.

किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात आहे. आधी ती आणा. तिथल्या वाड्यातले आरसे नुसते आरसे नाहीत हे लक्षात ठेवा, त्यांतून दुसरीकडे निघता येतं. भिंतीही सगळ्याच खऱ्या नाहीत.

चंद्रावरही असंच. यानात रिमोट सापडतो, तो घेतला की पुढे गिझमोडक हा मालिकेतला मदतनीस येऊन भिंत फोडून देतो.

हिमालयात स्क्रूज बर्फात रुतून बसतो. कॅसेट खराब आहे का?

कॅसेट ठीक आहे. मऊ बर्फावर काठीची उडी मारली की तो रुततो, खेळच तसा आहे. पूर्ण वेळ काठीवर काढणाऱ्यांची खोड मोडायला ठेवलेली ही जागा. साध्या उड्या मारत जा.

बाकी या हिमालयात चंगेज खानाचा मुकुट काय करतो हे विचारू नका. बर्फात गोठलेला आदिमानव बदक आहे, शेवटी हिममानव आहे. शाळेत भूगोल शिकवणारे एक काका आमच्याकडे येतात, ते या पातळीला बसतच नाहीत.

खेळ सेव्ह कसा करायचा?

होत नाही. पासवर्डही नाही. सगळे जीव गेले की पहिल्यापासून. मे महिन्याच्या सुट्टीत चंद्रापर्यंत पोचावं आणि भारनियमनाने टीव्ही काळा व्हावा, हा अनुभव नाशकात वाढलेल्या त्या पिढीत घरोघरी आहे.

पण खेळ तसा आखूड आहे. सरावलेला माणूस तो अर्ध्या तासाच्या आत उरकतो. सेव्ह नसण्याचं वाईट वाटतं ते शिकेपर्यंतच. सोपा, मध्यम आणि अवघड असे तीन प्रकार सुरुवातीला विचारतात, तिथे अभिमान बाळगू नका.

पाचही खजिने मिळाले, तरी खेळ संपत नाही. पुन्हा ट्रान्सिल्व्हेनिया का?

कारण कॅपकॉमकडे बहुधा जागा उरली नव्हती. अख्खा खेळ १२८ किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. शेवटच्या लढाईसाठी नवीन ठिकाण करण्याऐवजी त्यांनी जुन्याच वाड्यात परत पाठवलं. जागेची गोष्ट हा माझा तर्क, पण कारण काहीही असो, खेळाचा हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. तिथे ड्रॅक्युला डकला हरवायचं आणि मग दोरावरून चढत ग्लोमगोल्ड या स्क्रूजच्या प्रतिस्पर्ध्याच्या आधी वर पोचायचं. दोराच्या शर्यतीत मात्र पुन्हा मजा येते.

शेवट एकाहून जास्त आहेत. कोणता दिसेल ते तुमच्या तिजोरीत किती जमलं आणि पाचांखेरीज लपवलेले दोन खजिने सापडले का यावर ठरतं.

एकाच ओळीत खूप शत्रू आले की चित्र लुकलुकतं. टीव्ही गेला का?

टीव्ही ठणठणीत आहे. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर हलणारे आठच तुकडे काढायची यंत्राची ताकद. नववा आला की तो गायब. एकच शत्रू कायमचा नाहीसा होऊ नये म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे त्यांना आळीपाळीने दाखवत, त्यालाच आपण लुकलुकणं म्हणतो. मोठा शत्रू एकटाच अशा अनेक तुकड्यांचा बनलेला असतो, म्हणून मोठ्यांच्या लढाईत जास्त जाणवतं.

जुना डबा माळ्यावरून काढलाय. नव्या टीव्हीला लागेल?

लागेल, पण आवडेल का ते बघा. डब्याला पिवळी आणि पांढरी पिन असेल तर नव्या टीव्हीच्या एव्ही भोकात लावा. बऱ्याच नव्या टीव्हींना हेडफोनच्या पिनेसारखं एकच भोक असतं, त्याची जोडवायर वेगळी मिळते. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत ॲनालॉग चॅनेल शोधायला लावा, बहुतेकदा ३ किंवा ४ नंबरच्या आसपास चित्र सापडतं.

अडचण पुढे येते. जुना टीव्ही आलेला सिग्नल तसाच पडद्यावर काढायचा. नवा टीव्ही आधी तो मोठा करतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो. यात क्षणभराचा उशीर होतो आणि बटण दाबल्यानंतर स्क्रूज जरा थांबून उडतो. काठीच्या खेळात तो जरासा उशीर जीवघेणा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला तर फरक पडतो, पूर्ण जात नाही. ज्यांच्या घरी डबा टीव्ही अजून आहे त्यांनी तो भंगारवाल्याला देऊ नये ही हात जोडून विनंती. आणि तो स्वतः उघडूही नये. बंद करून वायर काढल्यावरही आतल्या काचेच्या नळीत जोरदार धक्का देण्याइतकी वीज राहते.

अडॅप्टर हरवलाय. घरातला कोणताही ९ व्होल्टचा चालेल?

कोणताही नको! व्होल्ट जुळले तरी धन-ऋण उलटं असू शकतं. फॅमिकॉममध्ये पिनेच्या मधोमध ऋण असायचं आणि पुष्कळ नकली डबे त्याच वळणाचे, पण सगळे नाहीत. आज मिळणारे बहुतेक अडॅप्टर मध्ये धन असलेले. डब्याच्या तळाशी वर्तुळाची छोटी आकृती असते, ती बघा. पुसली असेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्याला मल्टिमीटरने पाच मिनिटांचं काम. आणि अमेरिकेतून आलेल्या खऱ्या निन्टेन्डोचा अडॅप्टर आपल्या डब्याला अजिबात लावू नका, त्यातून एसी करंट बाहेर येतो.

डबा वरून कोमट लागला तर घाबरू नका. आत ९ चे ५ व्होल्ट करणारा भाग उरलेली वीज उष्णतेत घालवतो.

कॅसेट लागत नाही. फुंकर मारू?

मारलीत याची आम्हाला खात्री आहे. फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून परत घातल्याने ती चालते. पट्ट्या पुन्हा घासून नीट बसतात एवढंच. उलट तोंडातली ओल पट्ट्यांवर बसते आणि त्या काळ्या पडतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरात जी दमट हवा असते तीच त्यांना पुरेशी असते, त्यात भर नको.

कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फारच काळ्या असतील तर आधी शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर लावू नका, सोनेरी थर निघाला की संपलं. पेटीत ठेवताना तोंड खाली करून ठेवा, धूळ बसत नाही.

नाशकात डबा किंवा कॅसेट कुठे मिळेल?

आधी स्वतःचा माळा, मग मामाचा माळा. खरंच सांगतो, पेटीतला बराचसा माल नातेवाइकांच्या घरून आलाय. त्यानंतर बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भरणारा बाजार. तिथे जुन्या वस्तूंमध्ये कधी जॉयस्टिक दिसते, कधी अडॅप्टर, नशीब असेल तर कॅसेट. सकाळी लवकर जा आणि ‘व्हिडीओ गेम’ असं उच्चारू नका, किंमत वाढते. एमजी रोड आणि मेन रोडकडे फिरलात तर खेळण्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नवीन बनावटीचे डबे दिसतील. त्यांत खेळ आतच भरलेले असतात आणि कॅसेट घालायला कधीकधी जागाच नसते. विचारून घ्या.

९९९९ खेळांची कॅसेट घेऊ का? त्यात डकटेल्स असेल ना?

बहुतेक नसेल. तसल्या कॅसेटीत मोजके छोटे खेळ असतात आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने, वेगळ्या पातळीपासून सुरू केलेले. त्यांत भरले जातात ते सुरुवातीच्या काळातले, २४ किंवा ४० किलोबाइटचे खेळ. १२८ वाला डकटेल्स त्या गर्दीत मावत नाही. तो सुटा येतो, किंवा चार-पाच मोठ्या खेळांच्या कॅसेटीत. आकडा जितका मोठा तितकी आशा कमी.

कायदेशीरपणे खेळायचा तर?

‘द डिस्ने आफ्टरनून कलेक्शन’ घ्या. एप्रिल २०१७ मध्ये कॅपकॉमने ते पीएस४, एक्सबॉक्स वन आणि संगणकासाठी काढलं. डकटेल्सचे दोन्ही भाग, चिप अँड डेलचे दोन्ही, टेलस्पिन आणि डार्कविंग डक असे सहा खेळ आहेत. चुकलात तर खेळ मागे नेण्याची सोय आहे, त्यामुळे सेव्हचं दुखणंही मिटतं. वेग अर्थातच ६० चा, म्हणजे पुन्हा वर सांगितलेली तक्रार.

एम्युलेटर वापरायला हरकत नाही, इंटरनेटवरून उचललेली खेळाची फाइल मात्र हक्काची नसते. नव्वद साली आपल्याला कळत नव्हतं, आता कळतं. निर्णय तुमचा.

आणि ते नवीन चित्रांचं रिमास्टर्ड?

२०१३ चं, वेफॉरवर्ड या कंपनीने केलेलं. चित्रं सुंदर, आणि स्क्रूजला आवाज मूळ मालिकेतल्या ॲलन यंग यांनीच दिला. तेव्हा ते नव्वदी पार केलेले होते, २०१६ मध्ये गेले. काठीची उडीही सोपी केली आहे, एकाच बटणावर. पण मधेमधे पात्रं बोलत सुटतात आणि अर्ध्या तासाचा खेळ ताणला जातो. पाहायला छान, खेळायला जुनाच. २०१९ मध्ये तो डिजिटल दुकानांतून अचानक उतरवला गेला होता आणि २०२० मध्ये परत आला. परवान्याच्या खेळांचं आयुष्य असं दुसऱ्याच्या हातात असतं. बरा चालू असताना घेऊन ठेवा.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला आवडेल का?

आधी तुम्ही बाजूला बसून ‘आता उडी मार’ म्हणणं थांबवलंत तर आवडेल. आमच्याकडे येणारी मुलं चित्रांना नाक मुरडत नाहीत, ब्लॉकचे खेळ त्यांनी पाहिलेले असतात. त्यांना खटकतं ते पहिल्यापासून सुरू करावं लागणं. म्हणून सोपा प्रकार लावा, ॲमेझॉन द्या आणि चहा करायला निघून जा. हवेतून हिरा प्रकट झाला की पुढचं काम तो करतो.

मुलांना ६० चाच द्या. त्यांच्या बोटांना कुठलीच जुनी सवय नाही, मग आपल्या आठवणीतला संथपणा त्यांच्या माथी कशाला?

डब्यासोबतची बंदूकही सापडली. नव्या टीव्हीवर बदकं मारता येतील?

ती बदकं वेगळी, खेळ वेगळा. पण नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. हे सगळं डबा टीव्हीच्या वेगाने ठरवलेलं. नवा टीव्ही चौकोन उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीने ‘नेम चुकला’ असं ठरवलेलं असतं. बंदूक चालते का ते बघायचं असेल तर रविवारी दुपारी तीननंतर घेऊन या, आणि येताना डब्याचा अडॅप्टरही आणा.